राजाची उडी आणि माझा उजवा खांदा

धर्मा, तुला उचलायची वेळ आली तेव्हा मी तिरडीचा बांबू धरला आणि तुझ्या गजानं माझ्या छातीत हात मारून मला मागं ढकललं. भरल्या अंगणात. बांबू हिसकून घेतला नि म्हणाला, "तुमी नको. मरत्या माणसाला हरवून गेलात, आता खांदा द्यायला आलात?"

मी पडलो नाय. गोठ्याचा खांब धरून उभा राहिलो. दहा-पंधरा वर्षांमागं कुणी मला असं ढकललं असतं तर तुझ्या दारातून त्या दिवशी दोन तिरड्या निघाल्या असत्या. पण पोरगा तुझा, आणि त्याचा बाप गेलेला. दात-ओठ खाल्ले नि खांब सोडला नाय.

आता तुमच्या मुरबाड तालुक्यात सगळीकडं हेच चाललंय. सखाराम असा नि सखाराम तसा, खाटेवरच्या माणसाला हरवून आला, आणि हरवला तो पण हात वर करून. शोकसभेत मला बोला म्हणाले. मी नाय म्हटलं. माइक हातात आला की 'अजातशत्रू' म्हणावं लागतं. जो बोलला त्यानं दोनदा म्हटलं, आणि मला तिथं हसू फुटलं. तू कसला अजातशत्रू? मी होतो ना.

म्हणून लिहायला बसलोय. चौथी शिकलेला माणूस मी, जोडाक्षर आलं की पेन अडतं. पण तुझ्याशी बोलायला मला माइक लागत नाय आणि शुद्धलेखन तर त्याहून नाय. तुला मी कसा हरवला हे ज्याला ऐकायचं असेल त्यानं शेवटपर्यंत वाचावं. अर्ध्यात उठून निंदा करणाऱ्याला मी ओळखत नाय.

आपली पहिली गाठ म्हशाच्या जत्रेत पडली. मी किन्हवलीकडून बैल बघायला आलेलो. बाजाराच्या एका कडेला तू घोंगडी टाकून बसला होतास, पुढं कापडी पट. मोहरे सागाचे, कोयत्यानं तासलेले. एक फौज चुलीच्या काजळीनं काळी केलेली. जो समोर बसेल त्याला तू मारत होतास. मी बसलो. पहिला डाव हरलो, दुसरा हरलो. तिसऱ्या डावात तू वजीर आणून माझ्या हत्तीच्या तोंडात ठेवलास नि म्हणालास, "मार ना. भ्यालास?"

मी मारला. थोड्याच चालीत माझा राजा कोपऱ्यात मेला.

"किन्हवलीला भात चांगलं पिकतं म्हणतात," तू म्हणालास. "डोकी नाय पिकत वाटतं."

मी पट उधळला. तू माझ्या थोबाडीत दिलीस. मी तुझी गचांडी धरली आणि आपण दोघं शेणात लोळलो, बैलांच्या पायांत. एका बैलानं लाथ झाडली ती तुझ्या मांडीत बसली, नायतर तुझं नरडं मी तिथंच दाबलं असतं. लोकांनी अंगावर पाणी ओतून सोडवलं, कुत्र्यांना सोडवतात तसं. तू उठलास, ओठातलं रक्त थुंकलंस, आणि गुडघ्यांवर बसून शेणातले मोहरे वेचायला लागलास. एक घोडा सापडेना. तो मी शोधून दिला. तू तो धोतराला पुसलास नि म्हणालास, "मांड परत."

बैल घ्यायचा त्या साली राहिलाच.

तिथून पुढं कधी तू किन्हवलीची एसटी धरून यायचास, कधी मी सरळगावला गाडी बदलून तुझ्या सिद्धगडच्या पायथ्याला. आमच्या घरात तू आलास की पोरं आधीच भांडी उचलून ठेवायची. तू मोहरा मारायचास तेव्हा हातानं उचलून बाजूला ठेवत नव्हतास. आपल्या मोहऱ्यानं त्याला ठोकर द्यायचास, तो पटावरून उडून भिंतीला लागायचा. माझे हत्ती सरळ चालणारे, माझ्यासारखे. तुझे घोडे मात्र चावायचे. ते कुठून आले हे कळायच्या आत एक शह दिलेला असायचा आणि दुसरा दात वजिरात घुसलेला असायचा.

आणि तुझी ती उडी. आपल्या बापजाद्यांच्या खेळात राजाला एक हक्क होता. राजाला एकदाही शह लागला नसेल तर साऱ्या डावात एकदाच त्याला घोड्यासारखी उडी मारता यायची. एकदा शह लागला की तो हक्क मेला. बाकीचे लोक राजा अडचणीत आला की घाबरून उडी मारून मोकळे व्हायचे. तू ती राखून ठेवायचास. समोरचा विसरायचा. तो गळ्याभोवती दोरी आवळून शेवटची गाठ मारायला जायचा आणि तुझा राजा टुणकन फासाबाहेर. मग तू एकेकाला सावकाश कापायचास.

मग शहापूरला ते सामने भरले. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट, मे महिना. तिथल्या पोरांनी शाळेचा हॉल घेतला, टेबलं मांडली, दोन तोंडांची घड्याळं आणली. नियम शहरी. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाणार. राजाला उडी नाय. चुकीची चाल करून घड्याळ दाबलं आणि समोरच्यानं हात वर केला की डाव गेला. हे सगळं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सह्या घेतल्या.

मी म्हटलं, "हे बुदबळ नाय, हे रेशनचं दुकान हाय."

"खेळायचं तर कर सही, नायतर बस भजी खात," तू म्हणालास. तू केलीस. तुझ्यामागं मी केली.

फायनलच्या आधी तू मलाच हरवून बाहेर काढलंस. फायनलला तुझ्यासमोर कल्याणकडचा एक कारकून बसला. चष्मा, शर्ट खोचलेला, आवाज सुईसारखा. वाईट माणूस नव्हता. तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं.

तू एका हत्तीनं वर होतास. दोन चालींवर मात दिसत होती, खिडकीतून बघणाऱ्यांनासुद्धा दिसत होती. पण त्याच्या घोड्यानं दबा धरला होता. पुढच्या चालीला तो तुझ्या राजाला शह देणार आणि त्याच झेपेत वजीर खाणार. घड्याळ धावत होतं. तू हसलास. राजा उचललास, उडी मारलीस, घड्याळावर थाप मारलीस. आपली माणसं ओरडली, "वा रे धर्मा!" मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो.

कारकुनानं हात वर केला.

पंच आला, बघितलं, म्हणाला, "चाल चुकीची. डाव काळ्याचा." काय झालं ते लोकांना कळायला वेळ लागला. मला लागला नाय. माझ्या कमरेला लाकडी आकडी होती, आकडीत कोयता होता. रानातूनच मी गाडीला बसलो होतो. तो मी काढला. काढला तो काढलाच, आजही नाय म्हणत नाय. टेबल लाथेनं उडवलं आणि त्या कारकुनाचा तो वर केलेला हात बघत सरळ चाललो.

"कर वर," मी ओरडलो. "अजून कर वर. मनगटापासून उतरवतो."

तेव्हा तू लोखंडी घडीची खुर्ची उचललीस आणि माझ्या उजव्या खांद्यावर घातलीस. एकदा नाय, कोयता पडेपर्यंत. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कारवीच्या सुक्या कुडावर बैल पडल्यावर येतो तसा. मी खाली, तू वर, तुझा पाय माझ्या मनगटावर. कारकून भिंतीला चिकटलेला, त्याची पँट ओली झालेली. तू माझ्यावर पाय ठेवूनच त्याला हात जोडलेस. "डाव तुमचा, साहेब. उडी माझी चुकली." मग खाली वाकून मला म्हणालास, "तुझा काय संबंध रे? हरलो मी. जिथं बसलो तिथला नियम."

पोलीस आले तेव्हा तू सांगितलंस, टेबल अंगावर पडलं. मी काय बोललो नाय. बोलायला तोंड उघडलं की किंकाळी निघाली असती, आणि ती तुला ऐकवायची नव्हती.

मला काय खुपलं ते तुला कधी सांगितलं नाय. खांद्याचं नव्हतं ते. मी तुझ्यासाठी उभा राहिलो होतो, धर्मा. जन्मात मी कुणासाठी उभा राहिलो नव्हतो, सख्ख्या भावासाठी पण नाय. आणि तू एका परक्या माणसासाठी माझं हाड मोडलंस. वर पुढं त्याच्याकडं कल्याणला खेळायला जायला लागलास! परत येऊन मला सांगायचास, "चांगला खेळतो रे. हरला की तोंडानं बोलतो." त्या वेळी माझा हात चालत असता तर तुझं काय झालं असतं ते मला सांगता येत नाय.

त्या पावसात हात गळ्यात होता. रोपं वाढून पिवळी पडायला आलेली, नांगर धरायला कुणी नाय. भावाकडं मी मागणार नव्हतो. एका सकाळी बघतो तर माझ्या खाचरात तू. माझेच बैल जुंपून, गुडघाभर चिखलात. तुझी स्वतःची आवणी, भाताची लावणी, गजावर टाकून आला होतास.

मी बांधावर गेलो. "निघ," म्हटलं.

तू बैल हाकलेस.

"धर्मा, माझ्या शेतातून निघ, नायतर डोकं फोडीन."

"चल रे राजा," तू बैलाला म्हणालास, "मालक बोलतोय, लक्ष देऊ नको."

मी डाव्या हातानं दगड मारला. पहिला पाण्यात गेला. दुसरा तुझ्या कपाळाला बसला. रक्त भुवईवरून खाली चिखलात गळायला लागलं. तू ते पुसलंसुद्धा नाय. टोकाला वळण घेतलंस आणि नांगर परत माझ्याच बाजूला आणलास. जवळ आल्यावर म्हणालास, "डाव्यानं पण नेम बरा हाय."

माझ्या बायकोनं तुला चहा नेला. मी कप लाथाडला. तिनं दुसरा नेला, माझ्याकडं बघत बघत, आणि तिच्या दुसऱ्या हातात उलथनं होतं. म्हणून तो कप राहिला.

आवणी होईपर्यंत तू आमच्या पडवीत झोपलास. तू माझ्याशी बोलला नाय, मी तुझ्याशी बोललो नाय. शेवटचं रोप लागलं तेव्हा तू हातपाय धुतलेस, पिशवीतून पट काढलास नि मांडलास. मी डाव्या हातानं खेळलो. तू मला हरवलंस, जरा पण दया केली नाय. त्या साली माझ्या घरात भात आलं ते तुझ्यामुळं. उपकार हा शब्द आपल्यात कुणी काढला असता तर दुसऱ्यानं परत खुर्ची घातली असती, म्हणून तो राहिला. आता तुला खुर्ची उचलता येत नाय, तर लिहून टाकतो. उपकार झाले तुझे.

पण शहापूरपासून तू उडी मारायची सोडलीस. आपल्या पडवीत, आपल्या नियमानं खेळताना पण. मी चिडायचो. मुद्दाम शह द्यायचो नाय, तुझा हक्क जिवंत ठेवायचो, आणि तुझ्या राजाला असा कोंडायचो की उडी मारली तरच वाचेल. तू बसल्या जागी मरायचास.

"मार ना. भ्यालास?" तुझेच शब्द मी तुला परत द्यायचो.

"नाय मारणार."

"हा काय शहापूरचा हॉल हाय का? इथं चालते ना रे!"

"तो कारकून बरोबर होता असं बोल आधी. मग मारतो."

"मेलो तरी बोलणार नाय."

"मग मर. मी पण मरतो. चाल कर."

वर तो शहरी नियम तू आपल्या पटावर आणलास. चुकीची चाल, हात वर, डाव खलास. मी सांगून ठेवलं होतं की हा सखाराम त्या कारकुनासारखा हात कधी वर करणार नाय. खांदा तसाही कानाच्या वर जात नव्हता. "करशील," तू म्हणायचास. "एक दिवस करशील, नि त्या दिवशी मी शेजारीपाजारी गूळ वाटीन." चूक दिसली तरी मी गप्प बसायचो आणि उलट खेळून तुला मारायचो. तुला ते कळायचं. तू मग मुद्दाम मोहरे आपटायचास, पट फाटेपर्यंत. एकदा फाटलाच. तुझ्या कारभारणीनं, पारूवैनीनं, ठिगळ लावून दिलं आणि दोघांना एकाच दमात शिव्या घातल्या.

मग तुझ्या पोटात गाठ निघाली.

मी शेवटचा आलो तेव्हा तू पडवीत खाटेवर होतास. हाडं नि डोळे, बाकी काय नाय. गजानं मला दारातच अडवलं. "काका, आज पट नको. आबा दमतात."

आतून तू ओरडलास, "पट नको तर आधी मला जाळून या, मग चहा प्या!"

मी खाटेवर पट मांडला. सुरवातीलाच माझ्या उंटाचा तुझ्या राजाला शह बसला. मुद्दाम नव्हता, चालीत आला. तू राजा एक घर सरकवलास. म्हणजे उडीचा हक्क तिथंच मेला. पुढं तुझे घोडे मी मारले, एकापाठोपाठ. तू पहिल्यासारखी ठोकर देत होतास, पण मोहरा खाटेच्या काठापर्यंत पण जात नव्हता. आणि मग माझं प्यादं पुढं सरकलं. प्याद्यानं मात! आपल्याकडं त्याहून मोठी मात नाय, आणि एवढ्या वर्षांत तुझ्यावर ती मला साधली नव्हती. एकच चाल राहिली होती. पाळी तुझी होती.

तू राजा उचललास नि उडी मारलीस.

एवढ्या वर्षांनी. आणि ती पण शह लागलेल्या राजाची. राजा ठेवलास आणि माझ्याकडं बघत राहिलास. गजा बघत होता. पारूवैनी चुलीपासून बघत होती. मी गप्प बसलो असतो तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण गप्प बसायचं कशासाठी? तू आजारी म्हणून? म्हणजे तू मेल्यात जमा झालास असं मीच ठरवायचं. तू खुर्ची घातलीस तेव्हा पुऱ्या ताकदीनं घातली होतीस. दगड मी मारला तेव्हा नेम धरून मारला होता. आपल्यात कमी जोरानं कुणी कुणाला कधी मारलंच नव्हतं.

मी हात वर केला. उजवा. कानापर्यंत गेला, तिथं हाड अडलं, कळ डोळ्यांत आली. तरी थोडा अजून रेटला.

"चाल चुकीची," मी म्हटलं. "राजाला शह लागलाय. डाव गेला तुझा, धर्मा."

गजा माझ्यावर धावून आला. त्यानं माझी गचांडी धरली, पट उधळला, मोहरे खाटेखाली गेले. "लाज नाय वाटत, काका? मरतोय तो!" त्याच्या मुठी माझ्या बरगड्यांत बसत होत्या आणि तू हसत होतास. आवाज नव्हता, नुसत्या फासळ्या हलत होत्या.

"सोड त्याला," तू म्हणालास. "डाव त्याचा. उडी माझी चुकली."

तेच शब्द. शहापूरला त्या कारकुनाला दिलेस तेच.

गजानं मला खाली वाकू दिलं नाय. मोहरे तसेच टाकून मी एसटी धरली. त्याच आठवड्यात तू गेल्याचा निरोप आला.

तर तिरडीपासून ढकलल्यावर मी सगळ्यांच्या मागून चालत आलो. विसाव्याला तुला खाली ठेवलं, खांदे बदलायला. गजा गर्दी सोडून माझ्याकडं आला. मला वाटलं, परत मारणार. मी पण मूठ वळली.

"निघताना आई बोलली, काकांना खांदा देऊ दे, ते मी ऐकलं नाय," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "त्या दिवशी तुमी गेल्यावर आबांनी भाकरी मागितली. भाकरी नि सुकट. घास उतरत नव्हता, तरी खाल्ली. सारखे म्हणत होते, सख्यानं हात वर केला, सख्यानं हात वर केला. आईला शेजारी गूळ वाटायला लावला. आमाला वाटलं भ्रम झाला."

मी वळलेली मूठ सोडली.

"या," तो म्हणाला. "कुठला खांदा?"

"उजवा."

"तो तर मोडका ना?"

"ज्यानं मोडला त्यालाच न्यायचाय."

बांबू टेकला तशी कळ मस्तकात गेली. तुझ्यात वजन असं काय राहिलंच नव्हतं, तरी गेली. वाटेत एकजण मागून म्हणाला, "बाबा, द्या इकडं, दमलात." मी म्हटलं, "हात लावून बघ." त्यानं लावला नाय.

शोकसभेला तो कारकून आला होता. केस पांढरे झालेत. मला बघितलं आणि त्यानं दोन्ही हात खिशात घातले. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मग त्यानं एक हात खिशातून बाहेर काढला नि गुडघ्यावर ठेवला. तेवढंच.

आता एवढं राहिलंय. ती उडी तू चुकून मारलीस का मुद्दाम? दुखण्यात शह विसरला असशील तर मी जिंकलो. माझा हात वर करायला मारली असशील तर तू जिंकलास. पारूवैनीला मी विचारलं नाय, गजाला पण नाय. हे तुझ्याच तोंडून ऐकायचंय. तोवर मी जिंकलो असं धरून चालतोय. आणि तो कारकून बरोबर होता असं मी अजून तोंडानं बोललेलो नाय, ध्यानात ठेव. हात वर केला, एवढंच.

मी पण फार मागं नाय. पट मांडून ठेव, काळी फौज तुझी. तिकडचा नियम काय आहे, उडी चालते का नाय, ते आधी नीट विचारून घे. कोयता मी घरी ठेवून येतो.